सुंकम्माच्या गाठोड्यातला सदरा

आमच्या चिन्नगुट्ट्यात माणूस का मेला असं कुणी विचारत नाही. कशानं मेला, एवढंच विचारतात. कोयत्यानं, दगडानं की डब्यानं. डबा म्हणजे खिळे, काचा नि दारू ठासून वर सुतळी आवळलेला. तापानं गेला म्हटलं तर ऐकणारा जरा खट्टू होतो, भाजीत मीठ नसल्यासारखा.

गावात घरं तीनशे, पण मोजतात दोनच. टेकाडावर ओबुळरेड्डीचं वरचं घर, तळ्याकाठी पुल्लारेड्डीचं खालचं घर. भांडण कशावरून लागलं? वरचे म्हणतात बोकडावरून. खालचे म्हणतात बाईवरून. माझी पेद्दम्मा म्हणते, "बोकड बाईचा होता."

पेद्दम्मा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. नाव सुंकम्मा, गावची परटीण. मला गावातल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात, शाळेच्या घंटेचासुद्धा. पेद्दम्माचा मात्र येत नाही. ती बोलतेच इतकं कमी की धरायला काही सापडत नाही. एक वाक्य, ओला धोतरजोडा दगडावर आपटल्यासारखं, की संपलं.

ती बुटकी, साठीला टेकलेली. दंड पैलवानाचे. उजव्या हाताची तर्जनी कोळशासारखी काळी आणि टोकाला चरबट. ते बिब्ब्यामुळे. नवा कपडा घरात आला की पाण्यात जायच्या आधी ती बिब्बा तापवते, त्यात सुई बुडवते आणि गळपट्टीच्या आत घराची खूण करते, वर चुन्याचं बोट. बिब्बा उततो, बोट सोलतो, पण कपडा फाटेपर्यंत खूण जात नाही. वरच्या घराची खूण तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. खालच्या घराची फुली. मास्तरांची छडी. एकशे चाळीस घरांच्या एकशे चाळीस खुणा, एकही कागदावर नाही. एकदा पुरात वाहत आलेल्या प्रेताचा चेहरा माशांनी खाल्ला होता. पोलीस नाकाला रुमाल लावून उभे होते. पेद्दम्मानं गळपट्टी उलटी केली आणि म्हणाली, "खालच्या घरचा गडी. गेल्या सोमवारी धुतलाय." आणि परत कामाला लागली.

तिला दोन्ही घरांत जाता येतं. ती कुणाच्याच बाजूची नाही, कारण मळ दोघांचाही निघतो. दोन्ही घरांचं रक्त एकाच भट्टीत उकळतं.

आमच्याकडे मेलेल्याच्या अंगावरचे कपडे परटाचे. तो हक्कच आहे. बाकीच्या गावांतले परीट ते धुतात नि वापरतात किंवा विकतात. पेद्दम्मानं कधी विकले नाहीत. धुतले, घडी घातली, गाठोड्यात ठेवले. पस्तीस वर्षांतले सगळे मेलेले तिच्या माळ्यावर परीटघडी घालून बसलेत, वरचे नि खालचे एकमेकांच्या मांडीवर. लहानपणी मी गाठोड्यात हात घालून एक एक काढायची आणि ती भट्टीत लाकडं सारता सारता सांगायची.

"हा?"

"बसप्पा. विहिरीवर. पाणी शेंदताना मागून."

"ही बंडी?"

"चिन्नोबुडू. लग्नाच्या मांडवात. अर्धी हळद आहे, बघ. हळद गेली नाही, रक्त गेलं."

"आणि हे तळाशी पोत्यात?"

त्यावर ती पोतं परत तळाशी सारायची.

पोत्यात माझा पेद्दनायना होता. म्हणजे तिचा नवरा कंबगिरी, मी जन्मायच्या आधी पाच वर्षं गेलेला. त्याची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही येते. एकवीस वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी त्यानं भट्टीतला ओबुळरेड्डीचा पांढरा सदरा चोरून घातला, मालकाच्या बैलगाडीत तक्क्याला टेकून ऐटीत बसला आणि निघाला. वळणावर खालच्या घरचे सात जण कोयते घेऊन दबा धरून होते. पाठीमागून पांढरा सदरा दिसला, त्यांना वाटलं ओबुळरेड्डी. तुकडे केल्यावर उताणा करून बघतात तर परीट. गाव त्यावर अजून हसतं. कुणी दुसऱ्याची चप्पल घालून मिरवला, उसनं घड्याळ लावून लग्नाला गेला, की म्हणतात, "काय रे, कंबगिरी झालास काय?" शाळेत म्हणतात, पारावर म्हणतात. पेद्दम्मा कपडे द्यायला दारात उभी असते तेव्हाही म्हणतात, आणि मग जीभ चावतात. ती गाठोडं खाली ठेवते, कपडे मोजून देते, जाते.

हे असंच चाललं असतं, पण वसुंधरा मॅडम आल्या.

मॅडम समुद्राकडच्या शहरातल्या, एका संग्रहालयाच्या. सुती साडी, खांद्यावर पिशवी, पिशवीत कॅसेटचं यंत्र. बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री करून बाहेर पडतोय. "आम्हाला या प्रदेशातल्या सामान्य माणसांचं दैनंदिन जीवन जतन करायचं आहे. राजे नकोत, लढाया नकोत. आपण काय खात होतात, काय गात होतात, कोणती भांडी वापरत होतात, एवढंच कृपया सांगावं." हे त्या शाळेच्या ओट्यावरून म्हणाल्या. खाली दोन्ही घरांची माणसं बसली होती, मधे चार हातांची मोकळी जागा सोडून. मोकळ्या जागेत कुत्रं.

लिंगव्वा म्हातारी उठली. "लढाया नकोत तर मग सांगायचं काय, बाई?"

"रोजचं सांगा ना, आजी."

"रोजचंच म्हणतेय."

ओबुळरेड्डीनं शाळेचा मोठा वर्ग वस्तूंसाठी देऊ केला. आता तो पंचाहत्तरीचा, गांधीटोपी घालतो, भांडणं सोडल्याचं सांगतो. प्रत्येक वाक्याआधी "अगदी खरं सांगायचं तर" म्हणतो. खोटं बोलायचं असलं की दोनदा म्हणतो.

आठ दिवसांत वर्ग भरला. मॅडम प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं आकडा घालायच्या नि वहीत माहिती लिहायच्या. त्यांचा चेहरा पाहण्यासाठी मी रोज खिडकीत.

"हे मुसळ. चौदा नंबर. आजी, यानं काय कांडत होतात?"

"ज्वारी. आणि एकदा दीर."

"दीर?"

"खालच्या घराला फितूर झालेला. ओसरीत झोपला होता. दोन घाव पुरले, मुसळ चांगलं आहे. बाभळीचं."

मॅडमनी लिहिलं: धान्य कांडण्याचे मुसळ.

मग जात्याचं वरचं पाळू आलं, एकतीस नंबर. ते गच्चीवरून कुणाच्या डोक्यावर टाकलं होतं, हे सांगायला तिघं तयार, तिघांची डोकी वेगळी. कणगी आली, तिच्यात सुंकन्ना तीन दिवस लपला होता आणि चौथ्या दिवशी शिंकला. ताकाची दोरी आली. "लोणी काढायची?" मॅडम आशेनं म्हणाल्या. "लोणीपण," म्हणाला आणणारा. मॅडमनी अंगाईगीत मागितलं तेव्हा चार बायांनी डोळे मिटून गोड गळ्यानं गायलं की झोप रे बाळा, मामा येईल, खालच्या घरचं डोकं आणील, तुला चेंडू होईल. मॅडमनी यंत्र बंद केलं नि पाणी प्यायल्या.

लिंगव्वानं कथलाचा एक डबा आणला. "माळ्यावर होता. झाकण निघत नाही. कशाचा कोण जाणे." मॅडमनी त्यावर बावन्न लिहिलं आणि वहीत: दुधाचा डबा, झाकण गंजलेले. मागे उभा असलेला म्हातारा दस्तगिरी दोन पावलं सरकला. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत आहे.

मग आठवणी रेकॉर्ड करायचा दिवस ठरला, रविवार. मॅडमनी आधी ओबुळरेड्डीकडे जाऊन थोडं ऐकून घेतलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथे होते. दुसऱ्या दिवशी तळ्यावर कपडे पिळता पिळता मी ते पेद्दम्माला त्याच्याच आवाजात ऐकवलं, टोपी सावरत, नाकातून:

"अगदी खरं सांगायचं तर, बाई, अगदी खरं सांगायचं तर, मी आज जिवंत आहे तो एका चोरामुळे. माझा परीट. माझा सदरा चोरला त्यानं. देवानं चोराला शिक्षा दिली आणि मला आयुष्य."

पेद्दम्माचा हात वर होता, हातात ओली चादर. खाली आलाच नाही. चादरीतलं पाणी तिच्या कोपरावरून गळत राहिलं.

"हे त्या यंत्रात जाणार?"

"हो. आणि पुस्तकात. मॅडम म्हणाल्या, फोटोसकट. शंभर वर्षं टिकणार म्हणाल्या."

"चोर म्हणून?"

"चोर म्हणून."

तिनं चादर आपटली. मग दुसरी आपटली. तिसरीला म्हणाली, "त्या बाईंना सांग, रविवारी माझं नाव लिहा. त्याच्यानंतर."

मॅडमनी आनंदानं भिंतीवर कागद लावला: एक, ओबुळरेड्डी. दोन, पुल्लारेड्डी. तीन, सुंकम्मा, विषय: धुलाई. कागद ओबुळरेड्डीच्या मुलानं वाचला. त्याचं नाव शिवुडू. बोलताना तो कानाच्या पाळीशी खेळतो आणि हळू बोलतो, वरच्या घराची ती सवयच आहे. खालचे ओरडतात नि मारतात, वरचे कुजबुजतात नि मारतात.

शनिवारी तो तळ्यावर आला. दगडावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर त्यानं चिखलाची चप्पल पुसली, आधी एक, मग दुसरी.

"ए सुंकी, उद्या काय बोलणार आहेस?"

"धुण्याबद्दल."

"धुण्याबद्दलच ना?"

"मला दुसरं काय येतंय?"

"बरं." त्यानं तिचा उजवा हात मनगटाशी धरला, डॉक्टर धरतो तसा. "धुवायला दोन्ही लागतात, नाही का?"

तो गेल्यावर पेद्दम्मानं ती चादर पुन्हा धुतली.

मी म्हटलं, "पेद्दम्मा, नको बोलूस. एकवीस वर्षं नाही बोललीस."

"एकवीस वर्षं कुणी लिहून घेत नव्हतं."

रविवारी दुपारी वर्ग खचाखच. भिंतीकडेनं वस्तू मांडलेल्या, मधे सतरंजी, पुढे टेबल, टेबलावर यंत्र. वरचे उजवीकडे, खालचे डावीकडे. पुल्लारेड्डीला चार माणसांनी खुर्चीसकट आणलं होतं. तोंडात एक दात, पण आवाज अजून सात गावांना पुरेल असा. मॅडम म्हणाल्या, "आपण सर्वांनी कृपया शांतता पाळावी, यंत्र फार संवेदनशील आहे." बटण दाबलं.

ओबुळरेड्डीनं सगळं सांगितलं. त्या दिवशी आपल्याला ताप होता, आपण घरी झोपलो होतो, जत्रेचं सामान आणायला गाडी पाठवली होती, आणि परटानं संधी साधली. चोरी, ऐट, देवाचा न्याय. उजवीकडचे माना डोलावत होते. कुणीतरी "कंबगिरी झाला" म्हणालं आणि डावीकडचेही हसले. त्या एका गोष्टीवर दोन्ही घरं एकत्र हसतात.

मागून पेद्दम्माचा आवाज आला.

"रेड्डी, सदरा कुठला होता तो?"

ओबुळरेड्डीनं टोपी सावरली. "पॉपलीनचा. माझा लाडका. अगदी खरं सांगायचं तर दोन वर्षं अंगावर होता. अगं, तूच धुतलास की दहा वेळा."

"दहा वेळा?"

"वीस म्हण. तुला मोजता कुठे येतं." उजवीकडे हशा.

"आणि त्यानं भट्टीतनं उचलला."

"भट्टीतनं नाहीतर काय आभाळातनं?"

"बाई, यंत्रात गेलं का हे?"

"सगळं जात आहे," मॅडम म्हणाल्या.

"आता पुल्लारेड्डी," पेद्दम्मा म्हणाली, जणू तीच यादी वाचतेय.

पुल्लारेड्डीला एवढंच हवं होतं. त्या दिवसावर बोलायला त्याला कुणी कधी बोलावलं नव्हतं. "सात जण होतो," तो गरजला, मॅडमनी यंत्र मागे सरकवलं. "गाडी वळणावर आली. गाडीवानानं उडी मारली नि पळाला, ससा पळतो तसा. मी म्हटलं, जाऊ दे. पहिला घाव माझा, मानेवर. सदरा असा कडक, इस्त्रीचा, कोयता लागला तर कर्र आवाज आला. मग बाकीच्यांचे. सात घाव, सात जणांचे, आमच्यात कुणी फुकट जात नाही. उताणा केला तर कंबगिरी. आमच्याच पोरांच्या लंगोट्या धुणारा. बाई, मी माणसं मारलीत, मी नाही म्हणत नाही, तुरुंगात नऊ वर्षं काढलीत. पण त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही." त्यानं डोळे पुसले. "चुकीचा माणूस. माझ्या नावाला बट्टा."

पेद्दम्मा पुढे आली. काखेत पोतं. तिनं टेबलावरचे कागद बाजूला सारले नि सदरा काढून ठेवला.

तो ठेवल्यावर खडखडला. एकवीस वर्षं न धुतलेला, चिंचेच्या कोळासारखा तपकिरी, वाळलेल्या कातड्यासारखा ताठ. सात चिरा. तिनं काळ्या बोटानं एकेक दाखवली. "मान. खांदा. खांदा. पाठ. पाठ. हा दंड. हा हात वर केला तेव्हा, बगलेत." पुल्लारेड्डी पुढे वाकून बघत होता, आपला कुठला ते ओळखत होता.

"नवा कपडा पाण्यात जायच्या आधी मी खूण करते," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. वीस वेळा धुतला असेल तर गळपट्टीत तीन ठिपके नि रेघ पाहिजे."

ओबुळरेड्डीनं हात पुढे करून गळपट्टी उलटी केली. आतही तपकिरीच. तो हसला. "रक्तानं माखलाय. खूण असेल डागाखाली. अगदी खरं सांगायचं तर, अगदी खरं सांगायचं तर, एकवीस वर्षांनी काय दिसणार?"

"पाणी आणा," पेद्दम्मा म्हणाली.

मॅडम ताडकन उठल्या. "नाही, नाही. सुंकम्मागारू, कृपया. जुनी वस्तू कधीही धुवायची नसते. आहे त्या अवस्थेत जतन करायची असते."

"बाई, आहे त्या अवस्थेत मीच जतन केलीय. आता धुवायची वेळ आली."

मी बादली आणली. आणायला नको होती, पण आणली. तिनं पदराच्या गाठीतून खारी माती नि सोडा काढला, फक्त गळपट्टी भिजवली, थांबली. खरंच थांबली, नाचणीची संगटी शिजेल इतका वेळ, आणि सगळे बादलीकडे बघत बसले. पाणी आधी ताडीसारखं झालं, मग चहासारखं. मग ती चोळायला लागली. ती कुणाच्याही कपड्याला इतकं हळू चोळत नाही. दोन पाणी टाकली, तिसरं घेतलं. बिब्बा असता तर आता काळा उठून दिसला असता, रक्त फिकं पडलं की बिब्बा आणखी काळा दिसतो. गळपट्टी फिकी पिवळी झाली. पिळली, झटकली, पुल्लारेड्डीच्या हातात दिली.

त्यानं ती डोळ्याला लावली. उलटी केली. उजेडात धरली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"ठिपके नाहीत. रेघ नाही. काहीच नाही."

गळपट्टी पहिल्या रांगेतून फिरली, सदरा परत टेबलावर आला. आणि मग सगळ्या वर्गात एकच गोष्ट झाली. डावीकडे, उजवीकडे, म्हातारे, पोरं, मास्तर, ज्याचा त्याचा हात आपल्या मानेमागे गेला, दोन बोटं गळपट्टीत, आपापली खूण चाचपत. ओबुळरेड्डीचा हातही गेला. त्याला कळलं तेव्हा त्यानं तो टोपीवर नेला, पण सगळ्यांनी पाहिलं होतं.

पेद्दम्मा म्हणाली, "हा माझ्या भट्टीत आलाच नाही. त्या सकाळी तुमच्या पेटीतनं नवा निघाला. तुम्ही त्याच्या अंगावर घातलात, त्याला गाडीत बसवलंत. गाडीवानाला कुठं उडी मारायची ते माहीत होतं. माझा नवरा मला सांगायला दारात आला होता. म्हणाला, धन्यानं सदरा दिलाय, बघ. मी म्हटलं, आधी खूण करून देते. म्हणाला, आल्यावर कर." तिच्या तोंडून इतकी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती. "चोरलेला नाही. दिलेला आहे. लिहा, बाई."

आधी पुल्लारेड्डी हसला. एक दात दाखवत, खुर्ची हलेपर्यंत. "ओबुळ्या, म्हणजे मी तुझा गडी होतो? तू पाठवायचास नि मी तोडायचा? एकवीस वर्षं मी जेवताना त्याचं नाव घेऊन एक घास बाजूला ठेवतोय, हरामखोरा, आणि तू मला फुकटात राबवलंस?" खालच्या घराला मारल्याचं दुःख नव्हतं, बनवल्याचं होतं. चार हातांची मोकळी जागा भरली.

शिवुडू सगळ्यात आधी उठला होता. त्यानं कुजबुजत काही म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, आणि भिंतीकडचं चौदा नंबरचं मुसळ उचललं. पेद्दम्माचा उजवा हात टेबलावर सदऱ्यावर होता. मुसळ चांगलं आहे, बाभळीचं. मनगटाचा आवाज सुकी तुरकाठी मोडल्यासारखा आला. तिनं सदरा डाव्या हातानं ओढून पोटाशी घेतला नि टेबलाखाली गेली. तिथं आधीच मॅडम होत्या.

मग संग्रहालय कामाला लागलं. मॅडमनी आठ दिवस खपून जे जे मांडलं होतं ते सगळं आपापल्या जुन्या उद्योगाला परतलं. एकतीस नंबरचं पाळू दोघांनी मिळून उचललं नि उजवीकडच्या रांगेवर टाकलं, कुणाचा तरी गुडघा गेला. ताकाची दोरी एकाच्या गळ्यात पडली, त्याचे डोळे खोबणीबाहेर यायला लागले तेव्हा त्याच्या भावानं दगडी मापानं आवळणाऱ्याचे पुढचे दात पाडले. सुंकन्नाच्या कणगीत एक मास्तर लपले. लिंगव्वा कोपऱ्यात उभी राहून नावानिशी सगळं पुन्हा लक्षात ठेवत होती. आणि टेबलाखालून मॅडमचा इस्त्रीचा आवाज: "कृपया वस्तूंना हात लावू नये. कृपया वस्तूंना हात लावू नये."

शिवुडूचं मुसळ कुणीतरी हिसकावलं, दुसरं काही सापडेना, तेव्हा त्यानं बावन्न नंबर उचलला. दुधाचा डबा, झाकण गंजलेले. दस्तगिरी म्हणाला, "रेड्डी, तो नको." पण तोवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं आधी सांगितलं नव्हतं. डबा शिवुडूच्या हातातच फुटला. फळा भिंतीवरून उडाला, खिडकी गेली, छताची माती सगळ्यांच्या डोक्यावर बसली. धूर निवळला तेव्हा शिवुडू आपल्या हाताकडे बघत होता. अंगठा नि करंगळी होती. मधली तीन नव्हती.

त्यानंतर सगळे घरी गेले. आमच्याकडे आवाज झाला की जेवणाची वेळ होते.

पोलीस रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी आले. शाळेत शिकवताना काहीतरी उडालं, असं लिहून गेले. हाडवैद्यानं पेद्दम्माचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला. जुळला, पण वाकडा. आता ती डाव्या हातानं आपटते, आणि आपटणं आधीपेक्षा जोरात येतं असं मला वाटतं. सोमवारी वरच्या घराचं गाठोडं नेहमीसारखं दारात आलं. तिनं ते गडीमाणसाच्या डोक्यावर परत ठेवलं. "हात एकच आहे," म्हणाली. ते गाठोडं शेजारच्या गावच्या परटाकडे गेलं, तिथून परत आलं. पुढच्या गावातून परत आलं. परटांच्या निरोपाला टपाल लागत नाही. ओबुळरेड्डी अजून टोपी घालतो, पण ती आता पिवळी आहे, आणि धोतराला घडी नाही. पारावर तो बोलायला लागला, "अगदी खरं सांगायचं तर," की माणसं विडी पेटवायला उठतात.

"कंबगिरी झालास काय" असं आता कुणी म्हणत नाही. दुसरंच म्हणतात. परवा दुकानावर भांडण चाललं होतं, एकानं आपल्या पोरसवदा पुतण्याला पुढं केलं, तर म्हातारा दस्तगिरी न विचारता म्हणाला, "पोरा, काकानं तुला सदरा दिला वाटतं." पुतण्या मागे फिरला.

मॅडम परत आल्या, महिन्यानंतर. त्या परत येतील असं गाव धरून नव्हतं. यंत्र त्यांच्या पोटाशी टेबलाखाली शेवटपर्यंत चालू होतं, सगळं त्यात आहे, स्फोटापर्यंत आणि "कृपया"सकट. त्या पेद्दम्माच्या दारात बसल्या, आमच्या भट्टीच्या धुरात, आणि पेद्दम्मानं न मागता पूर्ण गाठोडं त्यांच्यासमोर सोडलं. दोन दिवस एकेक कपडा. नाव, जागा, हत्यार, खूण. मॅडमनी एकदाही "दैनंदिन" हा शब्द काढला नाही.

शेवटी सदरा. मॅडमनी सवयीनं पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला आणि गळपट्टीकडे नेला, आकडा घालायला. पेद्दम्मानं डाव्या हातानं कुंचला धरला.

"खुणा मी करते, बाई. आणि याला मीपण नाही केली."

मग त्यांनी कुंचला बाटलीत ठेवला आणि एक जाड कागद सुतळीनं गुंडीच्या काजाला बांधला.

"यावर काय लिहू, सुंकम्मागारू? कंबगिरी यांचा सदरा?"

"त्याचा नव्हता."

"मग ओबुळरेड्डी यांचा?"

"त्यानं दिला तेव्हाच सोडला."

"मग कुणाचा लिहू?"

पेद्दम्मा भट्टीत लाकूड सारत होती. "कुणाचा ते नको. कसा ते लिहा."

मॅडमनी लिहिलं आणि आपल्या त्या धुतलेल्या, इस्त्रीच्या आवाजात वाचून दाखवलं, शब्द शब्द सुटा: "सदरा, पुरुषाचा, पांढरा पॉपलीन. खूण नाही. एकदा घातलेला. दिलेला."

"पुन्हा वाचा," पेद्दम्मा म्हणाली.